गोठ्यात आलेलं जपानी इंजिन

माझ्या जीपचं इंजिन गेलं ते ओढ्याच्या पलीकडच्या चढावर, आणि मी पहिली शिवी जीपला नाही, स्वतःलाच दिली. दोन वर्षं ते तेल पीत होतं, काळा धूर ओकत होतं. मिस्त्री हात जोडून सांगत होता, “सर, आता ह्याला निरोप द्या.” पण मी ऐकेन तर शपथ! शेवटी भर चढावर आतून असा आवाज आला, जणू कोणीतरी पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवतंय. जीप मागे घसरली, मी ब्रेकवर उभा राहिलो, आणि तिथून वस्तीपर्यंत शेजारच्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओढत आणलं.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. राहतो गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याला, आमच्या वस्तीवर. वस्तीची वाट म्हणजे एक ओढा, मग मुरमाचा चढ, मग नुसते गोटे. चारही चाकं ओढणारी जुनी जीप हे माझं वेड आहे, हे मी कबूल करतो. सुट्टीत ती घेऊन खर्ड्याकडच्या माळांवर उगीच भटकून येणारा मास्तर तालुक्यात मी एकटाच असेन. पण पावसाळ्यात ओढा भरला की त्या वेड्या जीपशिवाय आमच्याकडे औषधाची गोळीही येत नाही, हेही तितकंच खरं.

आणखी एक कबुली देतो. माझ्या नाकावर राग असतो. शाळेतली पोरं मला पाठीमागं ‘लवंगी’ म्हणतात. लहान फटाका, वात पेटली की लगेच फुटतो. मला ते ठाऊक आहे, आणि पोरं काही खोटं बोलत नाहीत.

नवं इंजिन घ्यायचं नव्हतं, जपानचं जुनं डिझेल इंजिन घ्यायचं होतं. तिकडे गाड्या लवकर मोडीत काढतात आणि त्यांची इंजिनं इकडे कंटेनर भरून येतात, हे मला मोबाईलनं शिकवलं. दोन महिने मी रोज जेवताना ताटाशेजारी मोबाईल ठेवून इंजिनांचे फोटो बघत होतो. किती सिलिंडरचं, पंप कसला, माझ्या गिअरबॉक्सला जुळेल का, बॉनेट खाली बसेल का. आधी वाटलं, थेट जपानहूनच मागवावं. बंदरातली कागदपत्रं करणाऱ्या एका माणसाला फोन केला, तर त्यानं परवान्यांची यादीच वाचून दाखवली आणि शेवटी म्हणाला, “सर, एका इंजिनासाठी एवढं करण्यापेक्षा जे कंटेनर आणतात त्यांच्याकडून निवडून घ्या.” मग पुण्याच्या पुढं असलेल्या एका गोडाऊनचा पत्ता मिळाला. तिथला व्यापारी रोज मला व्हिडिओ पाठवायला लागला. चकचकीत धुतलेली, रंग दिलेली, एका सेल्फमध्ये सुरू होणारी इंजिनं.

एक व्हिडिओ मी आबांना, माझ्या वडिलांना, दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि मोबाईल परत दिला.

“फोटूतला बैल कधी लाथ मारतो का?” एवढंच म्हणाले.

आबांचं सांगितलंच पाहिजे. आबा शेतकरी, पण त्यांचं खरं नाव होतं बैल पारखण्यात. आसपासच्या दहा गावांत कोणाला बैल घ्यायचा असला की आधी आमच्या दारात माणूस यायचा. घोडेगावच्या बाजारात आबा कोणासाठी नुसते उभे राहिले तरी व्यापारी सावध व्हायचे. ह्या कामाचं त्यांनी कधी कोणाकडून चहापलीकडे काही घेतलं नाही. पण बैल गेले. घरोघरी ट्रॅक्टर आले. आमच्याही गोठ्यातली शेवटची जोडी म्हातारी होऊन गेली, त्यानंतर गोठ्यात मी जीपचे टायर ठेवायला लागलो. आबांना बोलवायला दारात कोणी येईनासं झालं. ते कधी बोलले नाहीत, पण बाजाराच्या दिवशी अजून सकाळी लवकर उठून, दाढी करून, पांढरी टोपी घालून ओट्यावर बसायचे, आणि दुपारी टोपी काढून ठेवायचे.

गोडाऊनला जायचं ठरलं तेव्हा मी एकटाच निघालो होतो. मिस्त्रीला दुसरं काम होतं. आई म्हणाली, “त्यांना घिऊन जा की.”

“आई, इंजिन आणायचंय, बैल नाही.”

“मंग काय झालं? धा वर्सात कुनी न्हेलं न्हाई त्यांना कुठं.”

मी कपाळावर आठ्या घातल्या, पण आईपुढं माझं चालत नाही. दिवाळीची सुट्टी होती. गावातला टेम्पो ठरवला आणि दिवस उजाडायच्या सुमारास निघालो. ड्रायव्हर, मी, आणि मध्ये धुतलेलं धोतर नेसलेले आबा, मांडीवर भाकरीचं फडकं. पुणं ओलांडलं तसा मी व्यापाऱ्याला फोन केला, “पोचतोच अर्ध्या तासात.” आबांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी भर बाजारात धोतर सोडलंय.

“बाजाराला जाताना येपाऱ्याला सांगून जात्यात व्हय रं?”

गोडाऊन म्हणजे पत्र्याची मोठी शेड. आत लाकडी ठोकळ्यांवर रांगेनं इंजिनं, वर तेलाचा आणि कंटेनरमधून आलेल्या समुद्राच्या खारेपणाचा मिसळलेला वास. व्यापारी मोठा गोड माणूस, लगेच चहा मागवला. माझ्यासाठी दोन इंजिनं पुढं काढून ठेवली होती, दोन्हींना चंदेरी रंग. मी खिशातून कागद काढला. त्यावर मी मुद्दे लिहून आणले होते, काय काय तपासायचं ते. मी कागद वाचतोय तोवर आबा पुढं झाले आणि त्यांनी पहिल्या इंजिनावर सरळ तळवा ठेवला. मग दुसऱ्यावर.

“हे कवा चालवलं?” त्यांनी विचारलं.

व्यापारी हसला. “तुम्ही येणार म्हणून जरा सुरू करून ठेवलं, बाबा.”

आबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “लंगडा बैल बाजारात आनायच्या आधी पळवून आनत्यात. अंग गरम झालं की लंगडनं दिसत न्हाई. गार असताना उठवावं.”

मी कागदाकडे बघितलं. माझ्या यादीत पहिलाच मुद्दा होता: इंजिन थंड असताना सुरू करून बघणे. इंटरनेटवर दोन महिने घालवून मी जे लिहून आणलं होतं ते ह्या माणसानं जपानचं इंजिन आयुष्यात पहिल्यांदा बघून सांगितलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. खरं सांगतो, थोडा रागच आला.

आबा मग रांगेतून चालायला लागले. रंगवलेल्या इंजिनांकडे ढुंकूनही बघेनात. “शिंगं घासून त्याल लावल्यात नुसती,” म्हणाले. शेवटी कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक होतं, धुळीनं आणि वाळलेल्या तेलानं माखलेलं. व्यापारी म्हणाला, “त्याचं अजून काहीच केलं नाही, बाबा. कालच कंटेनरमधून उतरलंय.”

“तेच बघू.”

बॅटरी जोडली, डिझेलचा डबा वर धरला, आणि त्या थंडगार कळकट इंजिनाला सेल्फ मारला. ते एकदा खोकलं, थोडा पांढरा धूर सोडला, आणि मग जे लागलं ते असं शांत आणि एका लयीत की मी कागद खिशात ठेवून दिला. तेल भरायचं झाकण उघडून मी भोकावर तळवा धरला. आतून फुंकर जवळजवळ नव्हती, म्हणजे आतली झीज कमी. आबा धुराच्या नळीमागं उकिडवे बसले होते.

“काय बघताय?”

“शेन बघितल्याबिगर बैल घेऊ ने.” धूर आता दिसतही नव्हता. “पचनी चांगली हाय ह्याची. घे.”

बैलबाजारात भाव तोंडानं नाही, कापडाखाली बोटं दाबून ठरतो; त्याच सवयीनं त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून व्यापाऱ्याच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. बिचारा दचकला. त्याला वाटलं म्हातारा त्याचा हातच पुसतोय! मी आणि टेम्पोवाला इतके हसलो की आबाही हसले. परतीच्या वाटेवर ते एका जागी स्वस्थ बसेनात. दर थोड्या वेळानं मागच्या काचेतून ताडपत्रीकडे बघायचे. शिरूरच्या पुढं थांबून आम्ही भाकरी खाल्ली. मग ते मला बैलांच्या गोष्टी सांगायला लागले, एकामागून एक, थेट पाथर्डी येईपर्यंत. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मिस्त्री आणि दोन-चार जण वाट बघत होते. सगळ्यांनी मिळून इंजिन उतरवलं आणि गोठ्यात नेऊन, बैल बांधायच्या दावणीजवळ लाकडी घोड्यावर ठेवलं. इंजिनाचं हवा ओढायचं तोंड वरच्या बाजूला उघडं होतं. त्यात मिस्त्रीनं फडक्याचा घट्ट बोळा कोंबला आणि बजावलं, “ह्याला कुणी हात लावू नका. आत कचरा गेला तर वाट लागंल.” मग आम्ही टेम्पोवाल्याला निरोप द्यायला ओढ्यापर्यंत गेलो. आई तेव्हा रानातून यायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनावर हळद-कुंकू दिसलं आणि समोर भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा. आईचंच काम. नवं जनावर दारात आलं की आमच्याकडे तसं करतातच. खाली जमीन जराशी ओली होती, पण मी म्हटलं, टेम्पोत हिंदकळून काहीतरी सांडलं असेल.

मिस्त्री आला, कालचे दोन-चार गडीही आले. मला एका सेकंदाचाही धीर नव्हता. “बॅटरी लावा आणि मारा सेल्फ! सगळ्यांना ऐकू द्या.” मी तारा घेऊनच उभा होतो.

“आरं थांब,” आबा म्हणाले. “नवा बैल आनला की लगी गाडीला जुपत न्हाईत. आधी दाव्याला धरून हातानं फिरवून आनत्यात. त्याला जागा कळू दे, आपल्याला त्याची चाल कळू दे.”

“आबा, हे इंजिन आहे!”

पण मिस्त्रीनं हसत लांब पाना उचलला. “फिरवतो की हातानं. म्हाताऱ्या मानसाचा मान.” त्यानं पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावला आणि जोर दिला. इंजिन पाव फेरा फिरलं आणि थांबलं. आवाजसुद्धा नाही, जणू भिंत लागली. त्यानं उलटं फिरवलं, परत सुलटं. त्याच जागी ठप्प. त्याचं हसू मावळलं.

“सर, जाम हाय. आत काहीतरी मोडलंय वाटतं.”

आणि लवंगी फुटली. व्यापाऱ्याला फोन लावला आणि तो बिचारा “तुमच्यासमोर तर चालू केलं, सर” म्हणतोय तोवर त्याला वाट्टेल ते बोललो. तेवढ्यानं भागलं असतं तरी बरं. पण मी आबांकडे वळलो. मिस्त्रीसमोर, गड्यांसमोर.

“रंग दिलेलं चांगलं दिसलं नाही तुम्हाला! कोपऱ्यातलं कळकटच पाहिजे होतं! बैलांचा बाजार होता का तो? नजर गेलीय तुमची आबा, आता तरी मान्य करा!”

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं मी काय बोललो ते.

आबांनी इंजिनाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “आसंल बाबा,” आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेत लिंबाखालच्या बाजेकडे चालू लागले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी दहा गावं त्यांना मानत होती ती मी त्यांच्याकडून काढून घेतली होती, आणि तेही त्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदा केलेल्या निवडीवर. मला ते कळत होतं. पण रागातला माणूस मागं फिरतो का? मी पाने गोळा करायला लागलो, इंजिन उघडायचं म्हणून.

तेवढ्यात आई गोठ्याच्या दारात आली. हातात तांब्या होता, रिकामा.

“त्यांना बोलू नगंस. म्या पानी घातलं.”

“कुठं घातलं?”

“काल सांजच्याला. नवा बैल आला की पायावर पानी घालत्यात. ह्याला पाय कुठं हायेत? म्हनून डोस्क्यावर घातलं. आन् तोंडात बोळा हुता… मुसकं बांधून कुनी दारात घेतं का रं जनावराला? म्हनून काडला. थोडं तोंडात गेलं. परत बसवला म्या नीट.”

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला आणि मग तो जो हसायला लागला! मी मात्र तिथंच दगडावर बसलो. अठरा वर्षं मी वर्गात शिकवतोय: वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. पिचकारी घेऊन करून दाखवतो, बोट लावून तोंड बंद करतो, आणि पोरांना विचारतो, “सांगा, दट्ट्या पुढं का जात नाही?” इंजिनाच्या पोटात पाणी, वर झाकण बंद, दट्ट्या पुढं कसा जाईल? उत्तर नववीच्या पोराला आलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मिस्त्रीनं सिलिंडरची वरची भोकं बंद करणारे हीटर प्लग काढले आणि मला म्हणाला, “आता फिरवा.” मी पाना ओढला, आणि एका भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या तोंडावर. तांब्याभर नसेल, पण पुरेशी होती. इंजिन फिरलं, पूर्ण फिरलं, मोकळं फिरलं. मिस्त्रीनं आत थोडं थोडं तेल सोडलं, परत परत फिरवलं, हवेनं कोरडं केलं. मग तो हसणं थांबवून म्हणाला, “सर, तुमी म्हनत हुता तसा डायरेक्ट सेल्फ मारला असता ना, तर आतली दांडी वाकली असती. इंजिन गेलं असतं. हातानं फिरवलं म्हनून वाचलं.”

हातानं फिरवा म्हणाले होते आबा. मी नाही.

प्लग बसवले, बॅटरी जोडली. मिस्त्रीनं सेल्फ मारला. थोडं चरफडलं, वाफ सोडली आणि लागलं, कालच्यासारखंच. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला म्हटलं, “अगं, रडतेस काय, चालू झालं!” आणि लिंबाखाली गेलो.

आबा बाजेवर पाठमोरे बसले होते. आवाज त्यांना ऐकू आला होता. मी खाली जमिनीवर बसलो. आईनं काय केलं ते सांगितलं, मिस्त्री काय म्हणाला ते सांगितलं, आणि मग जे सांगायचं होतं ते सांगायला मला लई जड गेलं.

“आबा, चुकलो. तुमची नजर कुठं गेली नाही. माझीच जीभ गेली.”

ते माझ्याकडे वळले. मग माझ्या तोंडावरचं तेलकट पाणी त्यांनी उपरण्यानं पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, जरा जोरातच.

“बैल पारखून घेता येतो,” म्हणाले. “पोरगं जसं यील तसं संबाळावं लागतं.”

मी हसलो, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. त्यांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.

इंजिन जीपमध्ये बसायला पुढं होळी उजाडली. गिअरबॉक्सशी जोडायला मध्ये एक जाड प्लेट करून घ्यावी लागली, जुन्या बैठका कापून नव्या वेल्ड केल्या, आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद करायला चार हेलपाटे घातले. प्रत्येक हेलपाट्याला मला राग आला आणि प्रत्येक वेळी आबा सोबत होते, म्हणून मी तो गिळला.

जीप पहिल्यांदा वस्तीवरून बाहेर निघायची तेव्हा आम्ही ती दारात उभी केली, बॉनेट उघडं ठेवून. मिस्त्रीनं हार घातला, नारळ फोडला. आई ओट्यावरच उभी, खाली उतरेना.

“पानी कुठाय?” आबांनी विचारलं.

“नगं बाई,” आई म्हणाली. “आता न्हाई घालायची मी. एकदा घातलं ते बास.”

“रीत हाय ती. नव्या जनावराला बिनपान्याचं बाहेर काडू ने.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू ये हिकडं. त्याच्या तोंडावर हात धर.”

हवेचा फिल्टर केव्हाच बसवला होता, झाकण घट्ट होतं, आत थेंब जायची सोय नव्हती. विज्ञानाच्या मास्तराला हे कोणी सांगायला नको. तरी मी वाकलो आणि दोन्ही तळवे त्याच्यावर झाकून धरले. आई तांब्या घेऊन खाली आली. आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग तिनं पुढच्या दोन्ही चाकांवर, आणि मग जरा भीत भीत वरही पाणी घातलं. ते माझ्या हातांवरून ओघळून खाली गेलं.

“धर, धर,” आबा म्हणाले. “आजून हाय तांब्यात.”

मी धरून राहिलो.